वाक्यातला कर्ता कुठे गेला?

दहावी-बारावीचे निकाल लागले की नागपुरात सत्कारांचा हंगाम सुरू होतो. मोमिनपुरा, हंसापुरी, जाफरनगर, टेका नाका. दर रविवारी कुठेतरी मंडप, शाल, ट्रॉफी आणि पाहुण्यांची भाषणे. मागच्या बॅनरवर ठळक अक्षरांत 'इक्रा'. अवतरलेला पहिला शब्द 'वाच' हा होता, हे प्रत्येक वक्ता न चुकता सांगतो. त्याच सूरह अल-अलकमध्ये तीन आयती पुढे कलमचा उल्लेख येतो आणि कुरआनात 'अल-कलम' नावाची एक अख्खी सूरह आहे, तिकडे मात्र कोणी वळत नाही. ट्रॉफीसोबत पेनचा सेट देतात, हे खरे. त्या पेनाने काय लिहायचे आणि कसे, हे शिकवणारा एक वर्ग दाखवा म्हटले की आयोजक एकमेकांकडे बघू लागतात.

मंचावरच्या त्या नव्वद टक्केवाल्या मुलाला खाली उतरल्यावर एक कागद द्या. सांगा, तुझ्या मोहल्ल्यातल्या एका प्रश्नावर, पाठ केलेले काही न वापरता, एक पान लिही. मराठीत, उर्दूत, इंग्रजीत, कशातही. बहुतेक मुले अर्ध्या पानावर थांबतात आणि ते अर्धे पानही त्यांचे नसते. 'काळाची गरज', 'समाजाने पुढे यावे', 'शिक्षण हे वाघिणीचे दूध'. यांत मुलांचा दोष शोधू नका. नीट, सीईटी, पोलीस भरती या सगळ्यांसाठी आपण वर्ग चालवतो. लेखनासाठी चालवत नाही. आणि शाळेत जे थोडेफार शिकवले जाते त्यात मुले एकच गोष्ट पक्की शिकतात: वाक्यातून माणूस कसा गायब करायचा.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. दोन मित्रांबरोबर काही वर्षे रविवारी सकाळी बारावी आणि पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना निबंध शिकवतो. कोणत्याही संस्थेचा फलक नाही, एका ओळखीच्या घराची पुढची खोली आहे. खाली जे लिहितो आहे ते त्या खोलीतल्या वह्या वाचून लिहितो आहे.

एक उदाहरण देतो. विषय होता मुस्लिम मुलींचे शिक्षण. बारावीतल्या एका मुलाने पहिल्या रविवारी हे आणले: 'मुलींचे शिक्षण ही काळाची गरज आहे. आपल्या समाजात मुलींच्या शिक्षणाकडे दुर्लक्ष केले जाते. अनेक मुलींचे शिक्षण अर्धवट सुटते. यासाठी समाजाने जागृत होणे आवश्यक आहे.'

शुद्धलेखनाची एकही चूक नाही. बोर्डाच्या परीक्षकाने आनंदाने गुण दिले असते. मी त्याला एवढेच विचारले, शिक्षण सुटलेली एखादी मुलगी तुला माहीत आहे का? होती. त्याच्याच घरात होती. मग तिच्याबद्दल लिही म्हटले. पुढच्या रविवारी आले ते असे: 'माझ्या चुलत बहिणीने अकरावी सायन्स सोडली. तिचा क्लास रात्री साडेआठला सुटायचा. तिला आणायला कोणी नव्हते.'

आता आम्ही 'कोणी' या शब्दावर बोट ठेवले. घरात पुरुष किती? चार. गाड्या किती? दोन. मग 'कोणी नव्हते' म्हणजे काय? तो मुलगा बराच वेळ गप्प बसला. तिसऱ्या खेपेस त्याने लिहिले की अब्बा दुकानावर असायचे, चाचा म्हणायचे मुलीला इतके शिकवून करायचे काय, आणि साडेआठ वाजता मी चौकात मित्रांसोबत उभा असायचो. मग दोन छोटी वाक्ये: 'मी तिला आणायला जाऊ शकत होतो. गेलो नाही.'

हे त्याने वर्गात वाचून दाखवले आणि पहिल्यांदा त्या खोलीत निबंधावरून भांडण झाले. एक म्हणाला, क्लासवाल्याने मुलींची बॅच आधी का ठेवू नये? दुसरा म्हणाला, शेवटची बस आठलाच जाते, तिचे काय? आणि कोपऱ्यात बसलेल्या एका मुलीने विचारले, तिला 'आणायला' कोणी जावेच का लागते? या प्रश्नाने त्या मुलाचा निबंध पुन्हा उलटापालटा झाला, आणि तो चौथ्यांदा लिहावा लागला. चौथ्या मसुद्यात 'समाज' हा शब्द फक्त एकदा आला होता. पहिल्यात प्रत्येक गोष्ट त्याच्याच खात्यावर टाकलेली होती.

व्याकरण म्हणजे काय, हे मला विचाराल तर मी हेच उदाहरण देईन. 'दुर्लक्ष केले जाते' या रचनेला व्याकरणात नवीन कर्मणी प्रयोग म्हणतात. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या आपल्या मुलांना प्रयोग ओळखता येतात. चार पर्यायांतून बरोबर खूण करता येते. मो. रा. वाळंबे यांचे व्याकरणाचे पुस्तक त्यांच्या टेबलावर असते. पण हा प्रयोग भाषेत कशासाठी आहे आणि तो वापरल्यावर वाक्यातून काय वगळता येते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. पाठ्यपुस्तकातले उदाहरण ठरलेले आहे: रावण रामाकडून मारला गेला. निदान तिथे राम तरी आहे. आपल्या सार्वजनिक मराठीत तोही नसतो. अतिक्रमण हटवण्यात आले. अर्ज नामंजूर करण्यात आला आहे. वाचताना वाटते, ही कामे आपोआप होत असावीत.

माहितीचा अधिकार कायदा २००५ चा. सामान्यपणे तीस दिवसांत उत्तर देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. नीट लिहिलेला माहिती अधिकाराचा अर्ज म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने दुसरे काय असते? हटवण्यात आले ना, मग कोणी हटवले? कोणत्या अधिकाऱ्याच्या सहीने, कोणत्या कलमाखाली, कोणत्या तारखेच्या आदेशाने? आपल्या भागातून जाणारे अनेक अर्ज मी पाहिले आहेत. दीड पान संताप आणि शेवटी 'तरी योग्य ती कार्यवाही करण्यात यावी'. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांचीच कर्ता लपवणारी भाषा आपण उसनी घेतो. अशा अर्जाला उत्तरही तसेच येते: 'आपल्या अर्जाची नोंद घेण्यात आली आहे.' राज्यघटनेचे कलम ३५० प्रत्येक माणसाला गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क देते. भाषा कोणतीही असली तरी प्रश्न कसा विचारायचा हे शिकावेच लागते.

पण इथे थांबलो तर आपण स्वतःला फार स्वस्तात सोडू. कर्ता लपवण्याची ही कला आपणही उत्तम पारंगत केली आहे. 'आपल्यात तलाक दिला जातो.' 'मेहर बाकी राहून जाते.' 'बहिणींचा हिस्सा राहून गेला.' राहून गेला? छत्री राहून जाते, डबा राहून जातो. वडिलांच्या घरातला मुलीचा हिस्सा कुरआनाने ठरवून दिलेला आहे, तो विसरून राहत नाही. भावांनी बहिणीला तहसीलला नेले, हक्कसोडपत्र पुढे ठेवले आणि सही घेतली. हे वाक्य असे लिहिले की त्यात भाऊ दिसतात. म्हणूनच ते असे लिहिले जात नाही. (बघा, 'लिहिले जात नाही' असे मीही म्हणालो. दुरुस्त करतो: म्हणूनच आपण ते असे लिहीत नाही.)

आता आपल्याच चळवळीतल्या काही मित्रांचा आक्षेप घेऊ, कारण तो मला सगळ्यांत जास्त ऐकावा लागतो. ते म्हणतात, व्याकरण आणि शुद्धलेखन ही उच्चवर्णीयांची हत्यारे आहेत, बहुजनांच्या मुलांना बाहेर ठेवण्यासाठी वापरलेली. आपण ती आपल्या मुलांच्या डोक्यावर का मारायची?

यातला इतिहास खरा आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली. मराठी निबंध म्हटला की पहिले नाव त्यांचे घेतले जाते. त्याच निबंधमालेत त्यांनी जोतीराव फुल्यांच्या लेखनाची आणि त्यातल्या व्याकरणाची टर उडवली. जोतीरावांच्या मुद्द्याला उत्तर देण्यापेक्षा त्यांची भाषा हसण्याजोगी आहे हे दाखवणे सोपे होते. ही युक्ती आजही चालते. एखाद्या मुस्लिम मुलाने कोणत्याही विषयावर चार ओळी मराठीत लिहिल्या की पहिले उत्तर येते ते ऱ्हस्व-दीर्घावर.

पण निबंधाचा इतिहास १८७४ ला सुरू होत नाही. त्याच्या एकोणीस वर्षे आधी, १८५५ मध्ये, 'ज्ञानोदय' या नियतकालिकाने दोन भागांत एक निबंध छापला होता. लिहिणारी होती मुक्ता साळवे, फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी मांग समाजातली कोवळ्या वयाची विद्यार्थिनी. विषय मांग-महारांचे दुःख. जुन्या मराठीतला तो निबंध आज वाचताना थक्क व्हायला होते ते तिच्या युक्तिवादाने. धर्मग्रंथ पाहण्याचाही अधिकार ज्यांना नाही त्यांचा धर्म नेमका कोणता, असा तिचा प्रश्न आहे, आणि तो ती एकेक पायरी चढत विचारते. कोणी काय केले, कोणाच्या राज्यात केले, हे ती थेट लिहिते. तिच्या निबंधात कर्ता लपलेला नाही. शाळकरी निबंध म्हणजे 'फाटक्या पुस्तकाचे मनोगत' असे ज्यांना वाटते त्यांनी आधी तो वाचावा.

आणि आता आपले नाव. फातिमा शेख. मुक्ताच्या निबंधानंतर सुमारे दीड वर्षाने, ऑक्टोबर १८५६ मध्ये, सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख येतो. त्यांच्या स्वतःच्या हातचा मजकूर आपल्यापर्यंत आलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये 'फातिमा शेख मुळात नव्हत्याच, ते नाव रचलेले आहे' असा दावा झाला, तेव्हा उत्तर देणाऱ्यांच्या हातात काय होते? दुसऱ्या बाईच्या पत्रातली ओळ. मुक्ता साळवेबद्दल असा दावा करणे अवघड आहे, कारण तिची दोन अंकांतली पाने आहेत. ज्या मित्रांना व्याकरण हे फक्त शत्रूचे हत्यार वाटते त्यांनी या दोघींचे एकमेकींशेजारी ठेवून वाचन करावे.

मराठीत लिहिणे हे मुस्लिमांसाठी नवे धाडसही नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद सतराव्या शतकात 'योगसंग्राम' लिहून गेले. १९९० मध्ये पुण्याच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्ष यू. म. पठाण होते. हमीद दलवाईंशी तुमचे पटो न पटो, १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढण्याआधी ते कथा आणि 'इंधन'सारखी कादंबरी लिहिणारे लेखक होते, आणि म्हणूनच त्यांच्याशी वाद घालायला आजही काहीतरी हातात लागते.

मग व्याकरण शिकवायचे, पण कसे? लाल शाईने नाही. आमच्या धंद्यातला साधा अनुभव सांगतो. प्रोग्रॅम चुकला की कंपायलर निदान सांगतो, अमुक ओळीत अमुक चूक आहे. 'चूक आहे' एवढेच सांगणारा कंपायलर कोणी दोन दिवस वापरणार नाही. पण शाळेतल्या वहीवरचा लाल गोल नेमके तेवढेच सांगतो. मूल तो शब्द पाच वेळा लिहून काढते आणि सहाव्यांदा पुन्हा चुकवते.

उर्दू माध्यमातून आलेली मुले 'माझी पुस्तक हरवली', 'पाणी आला', 'आमचा घर लहान आहे' असे लिहितात. शिक्षक हसतात, वर्ग हसतो. कारण मात्र अगदी सरळ आहे. उर्दूत आणि हिंदीत लिंगे दोन, मराठीत तीन. नपुंसकलिंगाचे खानेच त्या मुलाच्या डोक्यात बनलेले नाही, म्हणून तो 'घर'ला पुल्लिंगात आणि 'पुस्तक'ला स्त्रीलिंगात टाकतो, जसे घरी टाकतो. हे त्याला एकदा समजावून सांगा. 'ते घर, ते पुस्तक, ते पाणी' अशी वीस-तीस नेहमीच्या शब्दांची यादी त्याच्याकडूनच करून घ्या. दोन महिन्यांत निम्म्या चुका जातात. त्या मुलाला मराठी येत नाही असे नसते. त्याला दोन भाषा येतात आणि त्यांच्यातला फरक कोणी दाखवलेला नसतो.

ऱ्हस्व-दीर्घाचेही तेच. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १९६२ चे, त्यात १९७२ मध्ये भर पडून ते अठरा झाले. अठराच्या अठरा पाठ करायची गरज नाही, एक नियम कळला तरी मोठा पल्ला गाठता येतो. संस्कृतातून जसेच्या तसे न आलेल्या शब्दात शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याआधीची वेलांटी वा उकार दीर्घ, आणि पुढे प्रत्यय लागला की तोच ऱ्हस्व. गरीब, पण गरिबाला. वकील, पण वकिलाकडे. मशीद, पण मशिदीत. फकीर, पण फकिराचा. मुलांना हे मशीद-वकील-फकीर या शब्दांतून शिकवले की डोळे चमकतात, कारण पाठ्यपुस्तकातली उदाहरणे बहुधा दुसऱ्याच घरातली असतात.

त्याच ओघात त्यांना हेही दाखवावे की निबंध लिहिण्याची जवळजवळ सगळी मराठी सामग्री अरबी-फारसीतून आली आहे. कागद, कलम, शाई, मसुदा, मजकूर, मुद्दा, दाखला, तपशील, खुलासा, हरकत, जबाब. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची मोहीम काढली, तरी मुद्दा मुद्दाच राहिला. तुम्ही या भाषेत पाहुणे आहात असे कोणी सुचवले तर त्याला म्हणा, तुझा मुद्दा दाखला देऊन मांड. तो एवढे वाक्य ऐकेपर्यंतच हरलेला असेल.

नागपुरी बोलीबद्दल वेगळे सांगायला हवे. 'मले माहीत नाही', 'तो अभ्यास करून राहिला' हे इथले सगळेच बोलतात, सर्व धर्मांचे. ते चूक नाही. निबंधात 'मला' आणि 'करत आहे' लिहायचे, कारण वाचणारा कोल्हापूरचा किंवा रत्नागिरीचा असू शकतो. नवऱ्याशी, आईशी, साहेबाशी आपण वेगवेगळे बोलतोच की. बोली सोडायला सांगणारा शिक्षक आणि प्रमाण भाषा शिकवायलाच नकार देणारा क्रांतिकारक, दोघेही मुलाच्या हातातली एकेक भाषा काढून घेतात.

व्याकरणातली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट म्हणजे 'आम्ही' आणि 'आपण'. हिंदी-उर्दूचा 'हम' दोन्ही कामे करतो. मराठीत निवड करावी लागते. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर, 'आपण' म्हटले की तो आत. आमच्या वर्गातली मुले महाराष्ट्राबद्दल, नागपूरबद्दल, इथल्या उन्हाळ्याबद्दल आणि रस्त्यांबद्दल लिहितानासुद्धा 'आम्ही' लिहितात. म्हणजे वाचणारा दुसरा कोणीतरी आहे, हे त्यांनी आधीच धरून ठेवलेले असते. तशी सवय त्यांना का लागली याची कारणे आहेत, आणि ती सगळी त्यांची नाहीत. पण निदान निवड डोळे उघडे ठेवून करा. मोमिनपुऱ्यातल्या घरपट्टीबद्दल लिहिताना 'आपण' लिहून बघा, आणि वारसाहक्काबद्दल लिहिताना 'आम्ही'. मी हे लिहितो आहे ते 'आपण'मध्येच, हे लक्षात आले असेल.

दुसरा आक्षेप व्यवहारी मंडळींचा. आधी इंजिनिअरिंग, मेडिकल, नोकरी. निबंध नंतर बघू. मी स्वतः इंजिनिअरिंग केले आहे, म्हणून या आक्षेपाला उत्तर देताना मला संकोच नाही. ज्या धंद्यात मी आहे तिथे कोड लिहिणारे पुष्कळ आहेत. काय बांधायचे, का बांधायचे आणि दुसरा मार्ग का नको, हे दोन पानांत मांडू शकणारे कमी आहेत, आणि पुढे जातात ते हेच. सरकारी नोकरीचे म्हणाल तर एमपीएससीने राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक केली आहे. हा बदल २०२२ मध्ये जाहीर झाला, विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर २०२३ मध्ये पुढे ढकलला गेला. आता निबंधाची स्वतंत्र २५० गुणांची उत्तरपत्रिका आहे, सामान्य अध्ययनाची उत्तरे लिहायची आहेत, आणि मराठी व इंग्रजी हे भाषेचे दोन पेपर पात्रतेसाठी आहेत. त्यांत किमान २५ टक्के मिळाले नाहीत तर बाकीची मेहनत वाया. चार पर्यायांवर वाढवलेली आपली पिढी या परीक्षेला सामोरी जाणार आहे. दोन वर्षे मिळाली होती. त्या दोन वर्षांत आपल्या मार्गदर्शन केंद्रांपैकी किती जणांनी लेखनाचा वर्ग सुरू केला, हे ज्याने त्याने आपापल्या शहरात मोजून पाहावे.

तिसरा आक्षेप आता मुलेच घेतात: चॅटजीपीटी आहे ना! मी ही साधने कामात रोज वापरतो, त्यामुळे मी यावर नैतिक प्रवचन देणार नाही. आमच्या टीमचा नियम एवढाच की मशीनने लिहिलेला कोड तुझ्या नावाने येत असेल तर त्यातली प्रत्येक ओळ तुला समजावून सांगता आली पाहिजे. वर्गात एका मुलीने मुलींच्या शिक्षणावर मशीनकडून निबंध लिहून आणला. स्वच्छ, नेटका, शुद्ध. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यात कर्ता शोधला. 'जागरूकता वाढवली पाहिजे', 'प्रयत्न केले गेले पाहिजेत', 'संधी उपलब्ध करून दिल्या पाहिजेत'. बर्डीवरून आणलेल्या गाइडमध्ये आणि यात फरक फक्त कागदाचा. साडेआठला चौकात उभा असलेला भाऊ मशीनला ठाऊक नाही, आणि तो ठाऊक असलेल्या मुलाने सांगितल्याशिवाय कळणारही नाही. आपल्या लोकांबद्दल आधीच जे लिहिले गेले आहे तेच ते सरासरी काढून परत देणार. त्यात आपण स्वतः किती लिहिले होते?

दरवर्षी दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला जा. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून लोक येतात, आणि परतताना पुस्तके घेऊन जातात. स्टॉलच्या रांगाच्या रांगा. गावातून आलेला, पायात साधी चप्पल घातलेला माणूस ग्रंथांची पिशवी सांभाळत बसस्टँडकडे जाताना दिसतो. त्याच शहरात ताजबागचा उर्स भरतो. तिथे चादरी, अत्तर, हलवा-पराठा, सगळे मिळते आणि मला त्या गर्दीत फिरायला आवडते. पुस्तकांचा एक स्टॉल लावायला आपल्याला कोणी अडवलेले नाही. त्यावर विकण्यासाठी आपल्या मुलामुलींनी लिहिलेली चार पाने असावीत, तर ती आधी कोणीतरी लिहायला शिकवावी लागतील.

यासाठी लागते ते फार थोडे. एक खोली, आठवड्यातून दोन तास, दहा-पंधरा मुलेमुली. प्रोजेक्टर नको, उद्घाटन तर अजिबात नको. एका महिन्यात एकच विषय, तोही त्यांच्या गल्लीतला, आणि तोच निबंध किमान तीनदा लिहायचा. तपासणाऱ्याने एका वेळी दोनच प्रकारच्या चुका दाखवायच्या, कारणासकट. बाकीच्या पुढच्या खेपेला. पहिला मसुदा उर्दूत, हिंदीत, नागपुरीत, जसा सुचेल तसा चालेल. प्रत्येकाने स्वतःचा निबंध मोठ्याने वाचायचा, कारण अडखळणारे वाक्य कानाला आधी कळते. आणि प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारून विचारायचे, हे कोणी केले? शिकवायला निवृत्त शिक्षक मिळतात, पत्रकार मिळतात, एम.ए. करून घरी बसलेल्या मुली मिळतात. शेवटच्यांना मानधन द्या. ट्रॉफ्यांच्या खर्चातून निघेल.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात. म्हणजे निकाल आणि शाळा यांच्यामध्ये सत्कारांच्या आयोजकांकडे काही रविवार उरतात. पुढच्या कार्यक्रमात त्यांनी गुणवंतांच्या टक्केवारीसोबत त्या मुलाने स्वतः लिहिलेले एक पान मंचावरून वाचायला लावावे, आणि अध्यक्षांनी त्यांच्या भाषणाऐवजी त्या पानावर दोन प्रश्न विचारावेत. तारीख ठरली की कळवा. आमच्या वर्गातली मुले ऐकायला येतील, आणि त्यांनाही बहुधा काही विचारायचे असेल.